मागाहून येणारी चव

दुसरा घास गिळून झाल्यावर ती चव आली. पहिला घास भुकेच्या भरात तसाच खाली गेला होता. बटाट्याची भाजी, नेहमीचीच, कडेला जराशी करपलेली, त्याला आवडते तशी. खारटपणाही हवा तेवढाच. आणि मग सगळं गिळून झाल्यावर जिभेच्या पार मागे, लहानपणी किल्ली तोंडात धरल्यावर लागायचं तसं काहीतरी कडवट. तो चावायचा थांबला. कपडे बदलायच्या खोलीत बाकावर तो एकटाच बसला होता. पायांत थिएटरचे रबरी जोडे, हिरवी टोपी गुडघ्यावर, भिंतीपलीकडे दुसऱ्या ऑपरेशनची भांडी वाजत होती. त्याने तिसरा घास घेतला, डोळे मिटून जिभेवर घोळवला. आधी खारट, मागाहून कडू. ही चव त्याला ठाऊक होती, चांगली ठाऊक होती, आणि बायकोने सकाळी भरलेल्या डब्यात ती असायचं काहीएक कारण नव्हतं.

हृदयाचं ऑपरेशन चालू असताना माणसाचं रक्त शरीराबाहेर ज्या यंत्रातून फिरतं, ते यंत्र तो चालवत असे. सर्जनला टाके घालायला हृदय स्तब्ध लागतं. ते स्तब्ध करायचं काम त्याचं. ‘द्या,’ असं सर्जन म्हणाले की तो एक चावी फिरवी आणि थंड द्रावण हृदयाच्या नळ्यांत शिरे. त्या द्रावणाचा जीव म्हणजे पोटॅशियम क्लोराइड. समोरचं हृदय दोनचार वेळा फडफडे, मग रडून रडून झोपलेल्या मुलासारखं निपचित पडे. पडद्यावरची रेघ सरळ होई. घरच्यांनी पाहिली तर ऊर बडवून घेतील अशी ती रेघ, पण थिएटरात ती दिसली की सगळे खांदे सैल सोडत. काम झालं की गरम रक्ताने ते मीठ धुऊन काढायचं, मग हृदय आपलं आपण चालू होई. त्याला हे शिकवणारा म्हातारा, ज्याला सगळे मास्तर म्हणत, त्याने पहिल्याच आठवड्यात द्रावणाचा एक थेंब त्याच्या जिभेवर टेकवला होता. ‘ज्याने दुसऱ्याचं काळीज थांबवायचं, त्याची चव आपल्याला माहीत पाहिजे,’ मास्तर म्हणाला होता आणि खो खो हसला होता. मास्तरला जाऊन कितीतरी वर्षं झाली. जीभ मात्र विसरली नव्हती. डब्यातली उरलेली भाजी त्याने कागदात गुंडाळली आणि जखमेच्या पट्ट्या टाकायच्या पिवळ्या पिशवीत टाकली. ती पिशवी थेट भट्टीत जाते, तिला कोणी हात लावत नाही, एवढा विचार त्या क्षणीही त्याला सुचला याचं त्याला बरं वाटलं.

संध्याकाळी घरी गेल्यावर त्याने पाणी प्यायच्या निमित्ताने स्वयंपाकघर गाठलं. बायको बाल्कनीत कुंड्यांना पाणी घालत होती. मिठाची बरणी तीच, काचेची, झाकणाला टवका गेलेली. आतलं मीठही पांढरंच. त्याने बोट ओलं करून चिमूट उचलली. खारट. थांबला. कडू. बाहेरून तिचा आवाज आला, ‘अहो, आज डबा सगळा संपवलात ना?’ त्यात नेहमीपेक्षा काही जास्त होतं का? होतं. असं त्याला वाटलं, आणि एकदा वाटल्यावर नव्हतं असं वाटून घेणं त्याच्या हातात राहिलं नाही. ‘हो, संपवला,’ तो म्हणाला. ती रोपवाटिकेत कामाला होती. रोपं विकायची, कलमं बांधायची, कोणत्या झाडाला काय घालायचं ते गिऱ्हाइकांना सांगायचं. बाल्कनीच्या कोपऱ्यात तिच्या खतांच्या पिशव्या रांगेने उभ्या असत आणि त्यातली एक पोटॅशची होती. विटकरी खडे. फुलं धरायला घालतात, असं तिनेच त्याला कधीतरी सांगितलं होतं. आपण ज्याने हृदय थांबवतो तेच हे, असं तोही तेव्हा तिला कौतुकाने म्हणाला होता. म्हणजे तिला हे सांगितलं कोणी? आपणच. विटकरी खडे पांढरे कसे करतात हे त्याला ठाऊक नव्हतं, पण रोपवाटिकेत काय काय मिळत असेल ते कोणी सांगावं?

ती त्याला का मारेल, याचं उत्तर शोधायला त्याला फार लांब जावं लागलं नाही. संशयाला कारणं लागतच नाहीत, तो ती वाटेत गोळा करत जातो. गेल्या वर्षभरात ती भांडायची बंद झाली होती. आधी ती तोंडाला तोंड द्यायची, भांडी आपटायची, दोन दिवस अबोला धरायची. त्याचा स्वभाव तिरसट आहे हे सगळ्या जगाला माहीत होतं, त्यालाही. पण हल्ली तो ओरडला की ती नुसती ऐकून घेई आणि विचारी, ‘डोकं दुखतंय का?’ रात्री जेवताना त्याच्या ताटाकडे बघत राही. मध्येच म्हणे, ‘पायांवर सूज वाटतेय हो तुमच्या, बघू.’ एकदा त्याला जाग आली तर ती कोपरावर रेलून त्याच्या छातीकडे पाहत होती. काय गं, असं विचारलं तर म्हणाली, ‘काही नाही, श्वास घेताय ना ते बघत होते.’ तेव्हा तो हसला होता. आता ते वाक्य त्याने उलटंसुलटं करून पाहिलं आणि त्याचा रंगच बदलला. श्वास घेताय ना. म्हणजे अजून घेताय का.

त्यात एक गोष्ट तिला माहीत नव्हती, निदान माहीत नाही असं तो धरून चालला होता. त्याला रक्तदाब होता. वर्षभर तो गुपचूप गोळी घेत होता. दाढीच्या सामानाच्या पिशवीत, ब्रशच्या खाली, पाकीट दडवलेलं. सर्जनना कळलं असतं तर त्यांनी त्याला यंत्रावरून उठवून कोठारात बसवलं असतं. तासन्‌तास उभं राहून दुसऱ्याचा जीव हातात धरायचा, तर स्वतःचं डोकं गरगरून चालत नाही. घरी सांगितलं असतं तर ते बायकोकडून आईला, आईकडून शेजारी आणि तिथून कुठेही गेलं असतं. ती गोळी अशी की पोटॅशियम अंगातून बाहेर पडू देत नाही, धरून ठेवते. म्हणजे दुसऱ्या कोणाला ते मीठ चाललं असतं. नुसती जीभ जरा कडू झाली असती, एवढंच. बाजारात असलं मीठ मिळतंच की, लोक पैसे देऊन आणतात. पण आपल्याला ते साठत जाणार, थेंबाथेंबाने. हे ज्याला कळेल तो माणूस एक तर डॉक्टर असला पाहिजे, नाहीतर रोज आपल्या छातीकडे बघत बसणारा.

दुसऱ्या दिवशी थिएटरात त्याने स्वतःचं रक्त काढलं. यंत्राशेजारी रक्त तपासायची एक पेटी असते, थेंब घातला की दोन मिनिटांत आकडे सांगते. सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन ती तपासून ठेवायचं काम त्याचंच. दंडाला पट्टा करकचून बांधला, मूठ आवळली, सुई टोचली. पोटॅशियम जास्त आलं. फार नाही, पण वरच्या हद्दीच्या बाहेर. मूठ अशी आवळून धरली की पोटॅशियमचा आकडा उगाच फुगतो, हे तो नव्या लोकांना स्वतः बजावून सांगत असे. ते त्याला आठवलं. आठवलं तसं त्याने ते बाजूला सारलं. त्याला हा आकडा हवा होता. छापील पट्टी फाडून घेताना त्याला जे वाटलं ते भीतीपेक्षा समाधानाच्या जवळचं होतं. सकाळच्या ऑपरेशनला सर्जन ‘द्या’ म्हणाले, त्याने चावी फिरवली, समोरचं हृदय फडफडून थांबलं आणि पहिल्यांदाच त्याला त्या उघड्या छातीतल्या माणसाच्या बायकोचा विचार आला. बाहेर बाकावर बसली असेल. काय माहीत, कशासाठी बसली असेल.

तिला जाब विचारावा असं त्याला एकदाही वाटलं नाही. विचारलं तर ती रडेल, आई मध्ये पडेल, बरणी धुऊन पालथी होईल आणि शेवटी तोच वेडा ठरेल. तिला रंगेहाथ पकडायचं. तोवर आपण खायचं नाही आणि आपल्याला कळलंय हे तिला कळू द्यायचं नाही. डबा पिवळ्या पिशवीत जाऊ लागला. कँटीनमध्ये पाव आणि उकडलेली अंडी खाऊन तो घरी येई आणि पोट बिघडलंय म्हणून ताटावरून उठे. तिने काळजी केली, म्हणजे काळजी केल्यासारखं केलं. तिसऱ्या दिवशी ती औषधाच्या दुकानातून जुलाबावर द्यायची साखर-मिठाची पुडी घेऊन आली, पेलाभर पाण्यात ढवळून त्याच्या हातात दिली आणि समोर उभी राहिली. ‘प्या बरं, अंगातलं सगळं पाणी जाईल तुमच्या.’ ती फोन घ्यायला आत गेली तेव्हा त्याने पुडीवरची बारीक अक्षरं वाचली. सोडियम क्लोराइड, ग्लुकोज, आणि तिथेही, पोटॅशियम क्लोराइड. जुलाब झालेल्या प्रत्येक लहान मुलाला जगभर हेच पाजतात, हे त्याच्याइतकं कोणाला माहीत असणार? तरी पेला त्याने जास्वंदीच्या कुंडीत ओतला. ती परत आली, रिकामा पेला पाहून तिचा चेहरा उजळला, आणि त्या उजळण्याचाही त्याने मनात हिशेब मांडला.

एका रविवारी दाराच्या फटीतून त्याने तिला स्वयंपाक करताना पाहिलं. तिने बरणी उघडली, चिमूट भाजीत टाकली, चव पाहिली, आणखी अर्धी चिमूट टाकली. इकडेतिकडे बघितलंही नाही. इतकी उघड, इतकी सराईत. ती ते स्वतः चाखते, सगळ्या घरासाठी एकच पातेलं रांधते, हे त्याच्या डोळ्यांसमोर घडत होतं. त्यावर त्याच्या मनाने तयार उत्तर दिलं. तिला काय होणार, ती गोळी घेत नाही.

आई त्याच दिवशी बोलली. आई त्यांच्याकडेच राहायची, आतल्या खोलीत खिडकीजवळच्या पलंगावर. साखरेचा जुना आजार, त्यापायी मूत्रपिंडं निम्मी थकलेली, पण जीभ शाबूत. तो जवळ बसला तशी तिने आवाज खाली आणला. ‘अरे, एक विचारू का? हल्ली जेवणाला चव कशी वेगळीच लागते रे. शेवटी शेवटी कडवट लागतं. माझंच तोंड आलंय की काय?’ त्याला काय वाटलं? आनंद झाला. दुसरा शब्द नाही. इतके दिवस एकट्याने वाहिलेलं ओझं कोणीतरी एका बाजूने उचलावं तसं झालं. साक्षीदार मिळाला. ‘हिला बोललीस का काही?’ त्याने घाईघाईने विचारलं. ‘छे रे. बिचारी एवढी राबते, तिला कशाला नावं ठेवू?’ ‘बोलू नकोस. मुळीच बोलू नकोस. मी सांगेन तेव्हा बोल,’ तो म्हणाला आणि त्याने आईचा हात दाबला. ‘बरं बाबा,’ आई म्हणाली. ‘तू म्हणशील तसं.’ लहानपणी तो खोटं बोलला की ती अशीच त्याच्या बाजूने उभी राहायची, बापापुढे. हात तिच्या हातात असताना तो उपकाराने भरून आला होता. आईने संध्याकाळी ताट पुसूनपुसून खाल्लं. तो दारात उभा राहून बायकोकडे बघत होता.

पुढच्या आठवड्यात बायको दोनदा म्हणाली, ‘आईंचे पाय जड झालेत म्हणतात. ओठांभोवती मुंग्या येतात म्हणे. तुम्ही जरा बघा ना, नाहीतर मी घेऊन जाऊ का दाखवायला?’ त्याने ऐकलं. आपलं लक्ष ताटावरून उडवायला बघते आहे, असं त्याला वाटलं. आपण जेवत नाही हे हिला कळलं असावं, आता नवी युक्ती. ‘वय झालं की येतात मुंग्या,’ तो म्हणाला. त्याच्या खिशात एका बाटलीत चिमूटभर मीठ होतं, प्रयोगशाळेतल्या एका ओळखीच्या माणसाकडे द्यायचं होतं. तो माणूस सुटीवर गेला होता. तो आला की लगेच.

तो माणूस यायच्या आधी आई पडली. सकाळी, दात घासून बेसिनपासून वळताना, पायातलं बळच गेल्यासारखी बसकण मारली आणि मग आडवी झाली. बायकोने किंकाळी फोडली. दोघांनी उचलून तिला खाली आणलं, गाडीत घातलं, त्याच्याच इस्पितळात. तातडीच्या विभागातल्या डॉक्टर मुलीने छातीला तारा लावल्या, कागद सरकू लागला, आणि तो दोन पावलं मागे उभा राहून नुसता त्या कागदाकडे बघत होता. रेघेवरची शिखरं उंच झाली होती, निमुळती, तंबू ठोकल्यासारखी. मधली अंतरं लांबत चालली होती. रक्तात काय वाढलं की रेघ अशी होते हे वाचायला त्याला डॉक्टर व्हायची गरज नव्हती. ‘पोटॅशियम बघा,’ तो ओरडला. ‘आधी कॅल्शियम द्या, थांबू नका, पोटॅशियम वाढलंय तिचं!’ मुलीने एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि दिलं. मग इन्सुलिन, साखरेचं पाणी, वरच्या मजल्यावर रक्त शुद्ध करायच्या यंत्राला निरोप. रक्ताचा आकडा आला तेव्हा ती हळूच शीळ घालावी तसं काहीतरी म्हणाली. आकडा त्याच्या आकड्याच्या कितीतरी पुढे होता. मुठी आवळायचं बळ आईच्या हातात नव्हतंच.

वाचल्या, असं दुपारी कळलं. म्हणजे वाचतील. डॉक्टर मुलगी कॉरिडॉरमध्ये येऊन त्यांच्यापुढे बसली. सरांनी वेळेवर ओळखलं म्हणून, असं म्हणाली. मग तिने विचारायला सुरुवात केली. नवीन औषध काही चालू केलं का, काढा, चूर्ण, नारळाचं पाणी, मीठ? ‘मीठ,’ बायको म्हणाली. तिने पदराने नाक पुसलं. ‘मीठ बदललं मी. पंधरावीस दिवस झाले असतील. रक्तदाबवाल्यांचं असतं ना दुकानात, ते आणलं.’ ‘रक्तदाब कोणाला आहे? आईंना?’ बायकोने त्याच्याकडे पाहिलं, मग खाली पाहिलं. ‘यांना. गोळ्या सापडल्या मला, दाढीच्या पिशवीत. सांगत नाहीत, म्हटलं असेल काही कारण. बोलले तर अंगावर येतात. म्हणून गुपचूप मीठच बदललं. घरात वेगळं वेगळं कुठे करत बसायचं, सगळ्यांनाच तेच घातलं. मला काय माहीत हो, आईंना चालत नाही ते? पुडक्यावर चांगलं म्हणून लिहिलंय.’ ती रडू लागली. मुलीने तिच्या खांद्यावर हात ठेवला. ‘अहो, असं किती जणांचं होतं. मूत्रपिंडं थकलेली असली की ते साठतं, बाहेरच पडत नाही. तुम्हाला कसं कळणार?’ मग ती त्याच्याकडे वळली. ‘सर, तुम्हीही तेच खात होता ना? आणि वर ती गोळी. तुमचंही रक्त आत्ताच बघून टाकू.’

‘माझं नको,’ तो म्हणाला. वर्षानुवर्षं यंत्राशेजारी उभं राहून विचारल्याबरोबर आकडा सांगायची सवय जडलेली, त्या सवयीनेच त्याचं तोंड उघडलं. ‘मी पंधरवडाभर घरचं खात नाही.’

मुलगी म्हणाली, ‘अच्छा,’ आणि लिहून घेतलं, आणि मग लिहिता लिहिता तिचा हात मंदावला. आतून तिला हाक आली, ती उठून गेली. बायकोचं रडणं थांबलं होतं. ती त्याच्याकडे बघत होती, रात्री कोपरावर रेलून बघायची तशी मुळीच नाही. ‘पोट बिघडलं होतं ना तुमचं?’ ती म्हणाली. ‘डबा रिकामा यायचा.’ ‘तुम्हाला चव कळली होती. तुमचंच काम ते, तुम्हाला नाही कळणार तर कोणाला. तुम्हाला कळलं आणि तुम्ही खायचं बंद केलंत.’ एकेक वाक्य ती सावकाश ठेवत होती. ‘आणि आईंना खाऊ दिलंत.’

त्याच्यापुढे दोनच वाटा होत्या आणि दोन्ही त्याला स्वच्छ दिसत होत्या. गप्प राहिलं तर त्याने आईला जाणूनबुजून मरू दिलं. बोलायचं तर काय बोलायचं ते एकच होतं. त्याने बोलायचं ठरवलं, कारण त्याला वाटलं की ते निदान खरं आहे आणि खऱ्याने माणूस सुटतो. ‘मला वाटलं तू मला मारते आहेस,’ तो म्हणाला. ‘मिठातून. म्हणून मी…’ ते कॉरिडॉरमध्ये, नळाच्या शेजारी, भर दुपारी इतकं किरकोळ ऐकू आलं की त्याने ते पुन्हा म्हणून पाहिलं. ती ओरडेल, अंगावर धावून येईल, असं वाटून त्याने मान आत घेतली. ती हलली नाही. तिचा चेहरा मात्र आतून कोणीतरी दिवे मालवत गेल्यासारखा होत गेला. संसारातल्या सगळ्या वर्षांवर ती एकदा नजर टाकून आली असावी.

‘बरं,’ ती शेवटी म्हणाली. ‘तुम्हाला वाटलं त्यात विष आहे. मग ज्यात विष आहे असं वाटत होतं, ते आईच्या ताटात कसं चाललं तुम्हाला?’

याचं उत्तर त्याला माहीत होतं. आई त्याला म्हणाली होती, कडवट लागतंय, आणि त्याने तिचा हात दाबून तिला गप्प बसवलं होतं. ती त्याच्या बाजूची साक्षीदार होती, आणि साक्षीदारालाही पोट असतं हे त्याच्या मनातही आलं नव्हतं. पण हे सांगून कोणाचं भलं होईल ते त्याला कळेना.

दार उघडून नर्स बाहेर आली. ‘आजी जाग्या झाल्यात. मुलाला बोलवा म्हणतात. एकालाच सोडता येईल.’

तो उठला. त्याच्या आधी बायको उठली. तिने पदर नीट केला, डोळे पुसले, आणि नर्सच्या अगदी जवळ जाऊन, हळू आवाजात, घरातलं काहीतरी साधं सांगावं तशी म्हणाली, ‘मी येते आत. त्यांच्या तोंडात पाणीसुद्धा घालायचं तर मला विचारा. आणि यांना सोडू नका.’ नर्सने गोंधळून त्याच्याकडे पाहिलं. ती त्याला ओळखत होती, रोज थिएटरच्या जिन्यात भेटायची. दोघी आत गेल्या. दार लावून घेतानाही नर्सची नजर त्याच्यावरच होती.